शेवट आधी सांगणाऱ्या सिस्टर

सिस्टर सिनेमाचा शेवट आधी सांगायच्या. दाराशी चप्पल काढायच्या, पदराने कपाळ टिपायच्या आणि खुर्चीत बसायच्या आत निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या, "पोरगी सापडते. मामा जेलात जाते. आता आयका." मग पुढचा अर्धा तास तोच सिनेमा पहिल्यापासून. कोणी कानांवर हात ठेवले, "सिस्टर, मले पाहाचा हाय तो," असं म्हटलं, तरी त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नसे. "पाह्य ना मंग. मी कुठं नाई म्हणतो? शेवट मालूम असला का माणूस निवांत पाह्यते. बीपी वाढत नाई."

सिस्टर म्हणजे आमच्या बोरी अरबच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांना उलटून बोलायची कोणाची टाप नव्हती. त्यांचं खरं नाव मी इतकी वर्षं शेजारी राहूनही कधी विचारलं नाही. त्यांचे यजमान होते तोवर तेही म्हणे त्यांना "सिस्टर, भाजीत मीठ कमी हाय," असंच म्हणायचे.

मी कळंबची. लग्न होऊन इथे आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागले आणि पहिल्या पाच वर्षांत दोन बाळं पोटातच गमावली. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. बारशाचं बोलावणं द्यायला आलेल्या बायका सासूबाईंना बाजूला घेऊन सांगायच्या. सिस्टर तेवढ्या नेहमीच्या खणखणीत आवाजात बोलायच्या, आणि बोलायच्या ते सिनेमाचं. त्या आल्या की मला बरं वाटायचं आणि वैतागही यायचा. दोन्ही एकदमच.

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने नागपूरहून मोठा टीव्ही आणून भिंतीला लावून दिला. तो ठोकताना भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तसूभरही हलवायचा नाही ही त्यांची अट होती, म्हणून टीव्ही जरा एका अंगाला गेला आणि सिस्टर पुढची सगळी वर्षं मान किंचित डावीकडे वळवून सिनेमे बघत राहिल्या. दुपारी जेवण झालं की एक सिनेमा किंवा मालिकेचे जमतील तेवढे भाग. हिंदी, मराठी, तमिळचं हिंदी केलेलं, इंग्रजी, काही वर्ज्य नव्हतं. "भाषा कायले पाह्यजे? दुखून राह्यलं का नाई ते तोंडावर दिसते," हे त्यांचं म्हणणं.

सकाळी आठ वाजता त्या निघायच्या. तीस-बत्तीस वर्षं गृहभेटी करून पायांना जे वळण पडलं होतं, ते काही निवृत्तीच्या आदेशाने सुटलं नाही. पोलिओच्या डोसाच्या वेळी खडूने खुणा करत ज्या क्रमाने त्या घरं घ्यायच्या, त्याच क्रमाने आता सिनेमा सांगत जायच्या. पहिलं घर देवराव काकांचं, मग शोभाताईंचं, मग आमचं. खांद्याला तीच जुनी पिशवी, तिच्यात रक्तदाबाचं यंत्र. सांगता सांगता समोरच्याचा हात ओढून पट्टा गुंडाळायच्या, फुगा दाबायच्या, आणि आकडा बघताना गोष्ट तेवढी थांबायची. काय आकडा आला ते मात्र सांगायच्या नाहीत. लगेच पुढे, "तं मंग तो हिरो खिडकीतून कुदला."

सिनेमाला त्या सिनेमा म्हणत नसत, केस म्हणत. "कालची केस बरी होती." एखादा अगदीच टुकार निघाला तर, "आपल्या आवाक्यातली नाई. रेफर केली." म्हणजे अर्ध्यात बंद केला. त्यांची मतं कुठल्या वर्तमानपत्रात छापून आली असती तर बऱ्याच लोकांना तोंड लपवून फिरावं लागलं असतं. बाळंतपणाच्या प्रसंगांवर तर त्यांचा विशेष राग. "नववा महिना लागला अन् चालून कशी राह्यली पाह्य, जशी बाजारात निंगाली. कंबरेवर हात नाई, श्वास लागला नाई. अन् लेकरू दाखवते ते तीन महिन्याचं! पैदा झाल्या झाल्या मान धरून राह्यलं. अन् नाळ? नाळ कोणं कापली? हिरोनं?"

दवाखान्याचा प्रसंग आला की त्यांचं लक्ष रडणाऱ्या नायिकेकडे नसायचं, सलाईनकडे असायचं. "थेंबच पडून नाई राह्यला. नळी लावून उगामुगा झोपवला बिचाऱ्याले." पडद्यावरचा डॉक्टर चष्मा काढून आता सगळं वरच्याच्या हातात आहे असं म्हणाला की त्या उसळायच्या. "वरच्याची कुठं ड्युटी लागली? ड्युटी तुयी हाय ना, बापा!" संध्याकाळच्या मालिकेतल्या खाष्ट सासूबद्दल अख्खी गल्ली बोटं मोडायची, सिस्टर मात्र ठाम होत्या, "बाई वाईट नाई. तिले थायरॉईड हाय. गळा पाह्य ना तिचा. एक गोळी उपाशीपोटी चालू केली तं मालिका आठ दिवसांत बंद पडन." विरहात पंधरा दिवस अन्न न घेतलेली नायिका गाणं म्हणत नाचली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हिमोग्लोबिन किती असन वं हिचं?"

कापूस वेचायचा प्रसंग एका सिनेमात होता. तो त्यांनी आमच्या सासूबाईंना उभं राहून करून दाखवला. "हात असे नाजूक नाजूक. बोंडाचं टोक एकडाव बोचलं नाई. अन् लुगडं पांढरं!" सासूबाईंचं आयुष्य कपाशीत गेलेलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पण स्तुती करायच्या तेव्हा मनापासून करायच्या. कुठल्याशा सिनेमात नायक-नायिका खिडकीशी उभे राहून भांडतात आणि मागे एक नर्स पेशंटला न उठवता त्याची चादर बदलते. आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या. सिस्टरांनी तो तुकडा चारदा मागे घेऊन पाहिला. भांडण कशावरून झालं ते त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. "त्या पोरीले बक्षीस द्या," त्या म्हणाल्या. "ते कोणी अॅक्टिंगवाली नाई. कुठं तरी तिनं खरंच माणूस फिरवला हाय."

या सगळ्याचा परिणाम असा झाला की आमच्या गल्लीत सिनेमे बघायचं जवळजवळ बंदच पडलं. शेवट कळलेला, मधलं सिस्टरांनी करून दाखवलेलं, मग उगाच डोळे कशाला फोडून घ्यायचे? देवराव काका तर म्हणायचे, "टीव्हीपक्षा सिस्टर बऱ्या. लाइन गेली तरी चालते." घरोघरी बायका त्यांच्यामागे हसायच्या, बिचाऱ्या रिकाम्या असतात, मुलगा दूर, वेळ जात नाही, ऐकून घ्यावं. मीही तशीच हसायचे. आपण एका म्हाताऱ्या बाईचा मान राखतो आहोत, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

मग मला तिसऱ्यांदा दिवस गेले. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सहाव्या महिन्यापासून पलंग धरायला सांगितला. रक्तदाब वर-खाली होत होता. शाळेतून रजा घेतली. आमच्या ह्यांचं बियाण्यांचं दुकान दारव्ह्याला, ते सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. सासूबाई देवापाशी काय काय बोलल्या होत्या ते त्यांनाच ठाऊक. घरात कोणी "बाळ" हा शब्द उच्चारत नसे. मी छताकडे बघत पडून राहायचे आणि पोटात जरा वेळ हालचाल झाली नाही की घाम फुटायचा. हेही गेलं तर पुन्हा उठून उभी राहीन असं मला वाटत नव्हतं. इतकं ते साधं होतं.

वेळ जावा म्हणून मी मोबाइलवर एक मालिका बघायला घेतली. आठ भागांची. त्यातल्या बाईची दोन बाळं गेलेली आणि ती पुन्हा पोटुशी. असली मालिका मी का निवडली हे मला विचारू नका. दुखऱ्या दातावर जीभ जातेच. तीन भाग पाहून झाले होते. ती बाई माझ्यासारखीच कुशीवर पडून भिंतीकडे बघायची. तिचं जे होईल तेच माझं होईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सिस्टर आल्या तेव्हा मोबाइल उशाशी चालूच होता. त्यांनी तो उचलला, लांब धरून नाव वाचलं, दोन मिनिटं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि त्या दिवशी कुठलीच केस न सांगता उठल्या. "उद्या येतो. तोवर हे पाहू नको. डोये दुखते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट आमच्याकडे आल्या, देवराव काकांचं आणि शोभाताईंचं घर सोडून. डोळे लाल होते. चप्पल काढायलाही थांबल्या नाहीत.

"दोघंही वाचते," त्या दारातूनच म्हणाल्या. "माय बी अन् लेकरू बी. पोरगी होते तिले. साय खाल्लेल्या मांजरीसारखी गुबगुबीत. आता ठेव तो फोन."

मला इतका संताप आला की काय सांगू. पडून पडून माणूस विचित्र होतं. दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढं एक होतं, आणि तेही ह्या बाईने ओरबाडून घेतलं, असं वाटलं. मी उठून बसले आणि नको ते बोलले. "सिस्टर, तुमाले काई काम नाई म्हणून तुमी दारोदार फिरता. लोक तोंडावर बोलत नाई, मागं हासते. मी तेवढं एक पाहून राह्यलती, तेही तुमी ठेवलं नाई. उद्यापासून नका येऊ."

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. सिस्टरांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि गेल्या. मी ती मालिका पुढे पाहिली नाही. शेवट कळल्यावर काय बघायचं? रागाने मोबाइल कपाटात टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या दाराशी हजर. "सिनेमा नाई सांगत. हात दे," म्हणाल्या. मी मान फिरवून हात पुढे केला. त्यांनी आकडा पाहिला, पावलांवर अंगठा दाबून पाहिला आणि गेल्या. असं पुढचे दोन महिने. एक अक्षर नाही, एक केस नाही. मला चुकल्यासारखं व्हायचं, पण माफी मागायला जीभ उचलायची नाही. मात्र एक गोष्ट खरी सांगते. त्या दोन महिन्यांत मला झोप लागू लागली. भीतीने जाग आली की मनात आपोआप यायचं, दोघंही वाचतात. चिडूनच यायचं, पण यायचं.

आठव्या महिन्यात एका सकाळी डोकं ठणकत होतं आणि बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. उकाडा आहे म्हणून मी आणि सासूबाई दोघींनीही ते अंगावर काढलं. सिस्टरांनी रक्तदाब मोजला. पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला, पुन्हा मोजला. मग सासूबाईंना म्हणाल्या, "गाडी बोलाव. यवतमाळ. आत्ता." देवराव काकांचा पुतण्या जीप घेऊन आला. सिस्टर त्याच साडीत, घराला कुलूप न लावता माझ्याबरोबर बसल्या. माझं डोकं मांडीवर, एक हात पोटावर.

रस्त्यात मी त्यांना विचारलं, "सिस्टर, काय होईन?"

इतकी वर्षं शेवट आधी सांगत आलेली बाई काचेतून बाहेर बघत म्हणाली, "मले काय मालूम? डाव्या कुशीवर राह्य. तेवढं आयक." त्यांच्या हाताला घाम आला होता.

मुलगी झाली. पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीत राहिली, मग माझ्या कुशीत आली. सिस्टर तीन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होत्या आणि तिथल्या नर्सना सलाईनवरून सूचना देत होत्या. चौथ्या दिवशी पोरीने नीट दूध ओढलं तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आता सांगू का एक केस?" मी हो म्हणाले आणि रडायला लागले. माफी तेव्हाही मागितली नाही. ती मागितल्यासारखीच आहे असं मी धरून चालले.

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा सिस्टरांचे गुडघे थकले. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी काठी टेकत सगळी घरं घेतली. फोन करायच्या अधूनमधून. "इथं दार वाजवलं का लोक विचारते काय काम हाय. मी काय सांगू, केस सांगाची हाय म्हणून?" त्या हसायच्या. हिवाळ्यात एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला गल्लीतले सगळे त्यांच्या इथल्या घरी जमलो. वंदना झाली, जेवणं झाली आणि मग अंगणात सतरंजीवर बसून जो तो त्यांच्या केसेस सांगू लागला. देवराव काका म्हणाले, "एक केस मी जलमभर विसरत नाई. त्याच्यात पोरीच्या लग्नात तो बाप गोया खात नाई अन् संडासात पडून मरते. दुसऱ्या दिवसापासून मी बीपीची गोई चालू केली. भेवच बसला."

शोभाताईंनी मान वर केली. "ते लग्नाच्या घरातली केस? पोरीच्या लग्नातली? नाई काका, त्यातला बाप कुठं मरते? तो ऑपरेशनले नाई म्हणते, मंग करते, अन् पोरीच्या लग्नात नाचते. सिस्टरनं हे मले तीनदा सांगतलं. तवाच तं आमच्या यायनं बायपास करून घेतलं."

"मरते," काका म्हणाले.

"नाचते," शोभाताई म्हणाल्या.

सिस्टरांचा मुलगा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. तो म्हणाला, "त्या सिनेमात बाप नाहीच आहे. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे फक्त. मी आईबरोबर बसून पाहिला होता."

आधी सगळे खो खो हसले. मग हळूहळू हसू उतरत गेलं आणि प्रत्येक जण आपापल्या घरी सांगितलेल्या केसेस मनातल्या मनात तपासू लागला. कोणी तरी म्हणालं, "म्हणजे आपण कोणंच पाह्यलं नाई कधी?" मी पोरीला कडेवर घेतलं आणि घरी आले.

दुपारी ती झोपल्यावर मी मोबाइलमध्ये ती मालिका शोधली. तिसऱ्या भागाशी खूण तशीच होती. मधलं काही पाहिलं नाही, एकदम शेवटचा भाग लावला. त्या बाईला नेतात. तिची जाऊ बाहेर बाकावर बसलेली. दार उघडतं. बाई गेलेली असते. बाळही. पुढची दहा मिनिटं नुसतं रिकामं घर दाखवलं आहे.

मी मोबाइल पालथा ठेवला. त्या सहाव्या महिन्यात, तशा अवस्थेत मी हे पाहिलं असतं तर माझं काय झालं असतं, ते मला माहीत आहे. सिस्टरांनाही ते माहीत होतं. आठच्या आठ भाग त्यांनी एका दमात पाहिले असणार, मान डावीकडे वळवून, एकटीने. हे दहा मिनिटांचं रिकामं घरही पाहिलं असणार. आणि डोळे लाल असताना आमच्या दारात उभ्या राहून, माझ्या डोळ्यांत बघून, आवाज जराही न हलवता त्या म्हणाल्या होत्या, दोघंही वाचते, पोरगी होते तिले. मांजरीचं ते त्यांनी उभ्या उभ्याच रचलं असेल.

त्या दिवशी मी त्यांना चहाही विचारला नव्हता.